वर्गातली सरमिसळ नकाशावर ठरते : मुंबईच्या शाळाप्रवेशाबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : २५ टक्के प्रवेशांसाठी अंतर मोजण्याची पद्धत, पालिका शाळांच्या जागा आणि वस्तीतल्या शाळांमधली सरमिसळ.

महोदय,

शिक्षणहक्क कायद्याच्या प्रवेशांची चर्चा दरवर्षी तीनच आकड्यांभोवती फिरते : किती शाळा नोंदल्या, किती अर्ज आले, किती जागा रिकाम्या राहिल्या. जूनमध्ये वर्ग भरल्यावर पहिलीच्या बाकावर कोण कोणाशेजारी बसले, हे मात्र मोजले जात नाही. कायद्याचा मूळ हेतू तर तोच होता. आमचे म्हणणे थोडक्यात असे : मुंबईत ही सरमिसळ सोडतीतल्या नशिबापेक्षा शाळा कुठे उभी आहे आणि तिच्याभोवतीचे प्रवेशाच्या अंतराचे वर्तुळ कोणत्या वस्तीला आत घेते, यावर जास्त ठरते. म्हणून या पत्रात आरक्षित जागा वाढवण्याची मागणी नाही. आहेत त्या जागा, आहेत त्या इमारती आणि आहे तो नकाशा नीट वापरण्याची मागणी आहे.

कायद्याची बाजू आपल्याला ठाऊक आहेच, तरी दोन तारखा इथे लागतील. कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल गटांतल्या मुलांना द्यायच्या. सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद १२ एप्रिल २०१२ रोजी वैध ठरवली. महाराष्ट्राने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून १ किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. तो वाद संपला, पण जाता जाता एक गोष्ट उघडी करून गेला. मुंबईत गिरगावपासून मुलुंडपर्यंत दाट वस्तीचा असा भाग शोधणेच अवघड आहे, जिथून १ किलोमीटरच्या आत पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही. म्हणजे कागदावरच्या एका ओळीने शहरातल्या बहुतेक खासगी शाळांचे दरवाजे बंद होणार होते. कोटा तोच, टक्केवारी तीच, फक्त वर्तुळ बदलले होते.

आता ते वर्तुळच पाहू. आतापर्यंतच्या फेऱ्यांत पालक अर्ज भरताना गुगल नकाशावर घराच्या जागी खूण ठेवतात आणि संगणक तिथून शाळेपर्यंतचे हवाई, म्हणजे सरळ रेषेतले, अंतर काढतो. १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी प्राधान्य, मग १ ते ३ किलोमीटरमधल्यांना. पुण्यात किंवा नागपुरात ही पद्धत कदाचित चालून जाईल. मुंबईत नाही, कारण मुंबई रुळांनी, खाडीने, नाल्यांनी आणि द्रुतगती मार्गांनी उभी-आडवी कापलेली आहे. धारावी घ्या. तिच्या पश्चिमेला पश्चिम रेल्वेचे रूळ आणि पलीकडे माहीम, पूर्वेला मध्य रेल्वे आणि पलीकडे सायन, उत्तरेला मिठी नदी आणि पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल. नकाशावर ७०० मीटरवर दिसणारी शाळा पुलावरून जाताना सहज दुप्पट-अडीचपट लांब पडते. गोवंडीत रुळांच्या उत्तरेला शिवाजी नगर, दक्षिणेला देवनार. कुर्ल्यात पूर्वेला नेहरू नगर, पश्चिमेला जुने बाजार. सहा वर्षांचे मूल तासाला तीन-साडेतीन किलोमीटर चालते. सरळ रस्त्याचा १ किलोमीटर त्याला १७ ते २० मिनिटांचा. तोच जिना चढून, पूल ओलांडून, महामार्ग पार करून झाला की आई कामावर उशिरा पोचते, आणि मग महिना-दोन महिन्यांत मूल शाळेत येईनासे होते. पटावर नाव राहते, बाक रिकामा राहतो.

उलटही घडते. रस्त्याने सरळ चालत पंधरा मिनिटांवर असलेली शाळा हवाई अंतराने १ किलोमीटरपेक्षा थोडी पुढे गेली, की तिथला अर्जदार दुसऱ्या रांगेत जातो आणि रुळांपलीकडचा पहिल्या रांगेत येतो. शिवाय पूल बंद होतात. सायन स्थानकाजवळचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पाडकामासाठी वाहतुकीला बंद झाला, एल्फिन्स्टनचा सप्टेंबर २०२५ मध्ये. हवाई अंतराला याचा पत्ताही लागत नाही.

किनाऱ्यालगत तर वर्तुळाचा मोठा हिस्सा पाण्यात पडतो. १ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस किलोमीटर. वरळी, कुलाबा किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावरच्या शाळेच्या वाट्याला त्यातली साधारण निम्मीच जमीन येते, आणि जी येते तिच्यावर राहणाऱ्यांत या कोट्याला पात्र कुटुंबे थोडी : कोळीवाड्यातली, चाळीतली, बंगल्यामागच्या नोकरांच्या खोल्यांतली, आंबेडकर नगर-गीता नगरसारख्या वस्त्यांतली. त्यात दक्षिण मुंबईतल्या जुन्या नामांकित शाळांपैकी पुष्कळ अल्पसंख्याक संस्थांच्या आहेत. ६ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू नाही. महाराष्ट्रात भाषिक अल्पसंख्याकांचा दर्जाही मिळतो, त्यामुळे मुंबईत ही यादी आणखी लांबते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ च्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर या शाळा हिशेबाबाहेरच धरून आखणी करावी लागेल.

दुसऱ्या टोकाला एम पूर्व, म्हणजे पालिकेचा गोवंडी-मानखुर्दचा प्रशासकीय विभाग. शिवाजी नगर, बैंगनवाडी, मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती. तिथे पात्र मुले गल्लोगल्ली आहेत, आणि खासगी शाळा म्हणजे बहुतांशी दोन-तीन मजली, कमी फीच्या. त्या शाळांत उरलेली ७५ टक्के मुलेही त्याच वस्तीतली, त्याच कमाईच्या घरांतली. तिथे २५ टक्के जागा पूर्ण भरल्या तर काही कुटुंबांची फी वाचते, ते चांगलेच आहे. पण सरमिसळ शून्य. म्हणजे जिथे जागा भरल्याने वर्गाचे रूप बदलेल तिथे वर्तुळात मुले कमी, आणि जिथे मुले आहेत तिथे बदलण्यासारखे काही नाही. 'किती जागा भरल्या' या एका आकड्यात ही दोन्ही ठिकाणे सारखीच दिसतात. आमची मुख्य तक्रार या आकड्याबद्दल आहे.

त्याऐवजी काय मोजावे, तेही सांगतो. एका विभागातल्या शाळांमध्ये दोन गटांची मुले किती असमान वाटली गेली आहेत, हे सांगणारा निर्देशांक जगभर वापरतात. प्रत्येक शाळेसाठी दोन अपूर्णांक काढायचे : विभागातल्या एकूण गरीब मुलांपैकी किती या शाळेत, आणि इतर मुलांपैकी किती. त्यांतला फरक घ्यायचा, उणे-अधिक चिन्ह सोडून द्यायचे, सगळ्या शाळांची बेरीज करायची आणि निम्मी करायची. शून्य आले तर वाटणी समान, एक आले तर पूर्ण फाळणी.

समजा एका विभागात पहिलीची ४०० मुले आहेत, २०० गरीब घरांतली आणि २०० इतर. पालिका शाळेत १२० गरीब व १० इतर, अनुदानित शाळेत ५० व ४०, कोटा पाळणाऱ्या खासगी शाळेत २५ व ७५, अल्पसंख्याक शाळेत ५ व ७५. निर्देशांक येतो ०.६०. आता खासगी शाळेतल्या त्या २५ जागा रिकाम्या राहिल्या आणि ती मुले पालिका शाळेत गेली असे धरा : ०.७२५. म्हणजे कोटा पूर्ण भरल्याने ०.१२५ चा फरक पडतो. बरे, कोटा भरलेलाच ठेवू, पण पालिका शाळा अशी चालवू की अल्पसंख्याक शाळेतली ३० मुले आपण होऊन तिकडे येतील. पालिका शाळेत आता १२० व ४०, अल्पसंख्याक शाळेत ५ व ४५. निर्देशांक ०.४५. आकडे कल्पित आहेत, गणित खरे आहे : मध्यमवर्गालाही यावीशी वाटेल अशी एक पालिका शाळा वस्तीच्या मध्यावर असली, तर ती कोट्यापेक्षा थोडे जास्तच काम करते. आणि तिच्या आड अल्पसंख्याक दर्जा येत नाही, प्रतिपूर्तीही (कोट्यातल्या मुलांच्या फीपोटी सरकारने खासगी शाळांना द्यायची रक्कम) येत नाही.

हे पालिकेला अशक्य नाही. जोगेश्वरीच्या पूनम नगरची केंद्रीय मंडळाची (सीबीएसई) शाळा आणि माहीमच्या वुलन मिलची आयसीएसई शाळा २०२० मध्ये सुरू झाल्या आणि नंतरच्या वर्षांत अशा शाळा वाढत गेल्या. अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त येऊ लागले, सोडती काढाव्या लागल्या. पालिका शाळेच्या दारात मध्यमवर्गीय पालक रांगेत उभा, हे दृश्य मुंबईने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. त्याचे श्रेय पालिकेला द्यायलाच हवे. पण त्याचा जोडपरिणामही बघायला हवा. त्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या मराठी, हिंदी, उर्दू शाळेतली चुणचुणीत मुले आणि जागरूक पालक प्रथम इकडे येतात. तिकडचा पट घसरतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करताना, शिक्षकाचे पद जाते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी पटाला शिक्षकच उरत नाही. शिक्षक गेला की उरलेले पालकही जातात. शेवटी एकाच आवारात एक भरलेली शाळा आणि तीन ओस शाळा. निवडीची सोय केली पण निवड न करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न चिलीतही आला होता. तिथे १९८१ पासून शासनाचा पैसा मुलामागे शाळेत जाऊ लागला आणि शाळा श्रीमंत-गरीब अशा फुटत गेल्या. २०१५ च्या कायद्याने त्यांना शाळांनी मुले निवडण्याची पद्धत बंद करावी लागली, प्रवेश एका मध्यवर्ती यंत्रणेकडे आणावे लागले आणि गरीब मुलांसाठी १५ टक्के जागांचे प्राधान्य ठेवावे लागले. आपल्याकडे सीबीएसई-आयसीएसईसारख्या मंडळांच्या पालिका शाळा अजून थोड्या आहेत. नियम आत्ताच घालून घेणे सोपे.

तो नियम कसा असावा? पालिकेच्या मंडळ-शाळांतल्या निम्म्या जागा चालत जाण्याच्या अंतरातल्या मुलांना, मग ती कोणत्याही गटातली असोत. पाव जागा त्याच विभागातल्या अशा वस्त्यांना, जिथून चालत जाण्याच्या अंतरात अशी शाळाच नाही, आणि त्यांच्यासाठी बेस्टचा पास पालिकेने द्यावा. उरलेल्या पाव जागा ज्यांच्या आई-वडिलांपैकी कोणीही दहावी झालेले नाही अशा मुलांना. उत्पन्नाऐवजी पालकांचे शिक्षण का, ते पुढे येते. जो आधी येईल त्याला प्रवेश, ही पद्धत कुठेही नको. त्या पद्धतीत पहाटे रांगेत उभे राहायला ज्याला रजा मिळते त्याचेच मूल आत जाते.

आता इमारतीच्या आतल्या भिंतीकडे. पालिका आठ भाषांत शाळा चालवते आणि अनेक इमारतींत दोन-तीन माध्यमांच्या शाळा सकाळ-दुपारच्या सत्रांत भरतात. फाटक एक, मैदान एक, पाण्याची टाकी एक. पण मराठी शाळेतले मूल हिंदी किंवा उर्दू शाळेतल्या मुलाला फक्त जिन्यात धक्का लागला तरच भेटते. वस्ती मिसळलेली आहे, इमारत मिसळलेली आहे, वर्ग मात्र वेगळे. वरचा निर्देशांक इमारतीनुसार काढला तर इथे फार छान येईल. तुकडीनुसार काढा, मग खरे कळेल.

माध्यमे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. मातृभाषेतले शिक्षण टिकायलाच हवे आणि त्याला हात लावण्याची गरजही नाही. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, आणि त्यासाठीची बालभारतीची इंग्रजी पुस्तके सगळ्यांना एकच आहेत. म्हणजे सहावी ते आठवीच्या मराठी, हिंदी आणि उर्दू शाळांतल्या सेमी-इंग्रजीच्या मुलांनी गणित-विज्ञानाला एका वर्गात बसण्यात अभ्यासक्रमाची कसलीही आडकाठी नाही. भाषा आणि समाजशास्त्र आपापल्या माध्यमात, गणित-विज्ञान, कला, शारीरिक शिक्षण एकत्र. रोजच्या आठ तासिकांपैकी तीन-चार एकत्र होतात.

यात काय बिघडते तेही आधीच सांगून ठेवतो. पहिली अडचण सत्रांची : एक माध्यम सकाळी आणि दुसरे दुपारी असेल तर काहीच जुळत नाही. तेव्हा सत्राची विभागणी माध्यमानुसार न करता इयत्तेनुसार करावी, सहावी ते आठवी सगळी सकाळी, पहिली ते पाचवी सगळी दुपारी किंवा उलट. दुसरी अडचण शिक्षकाची : पुस्तक इंग्रजी असले तरी समजावणे घरच्या भाषेत होते. म्हणून एकत्र तासिकेला हिंदी सहज बोलणारा शिक्षक लागेल. मुंबईत असे शिक्षक कमी नाहीत. तिसरी आणि खरी अडचण संचमान्यतेची. प्रत्येक माध्यमाच्या शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) वेगळा आणि पदे त्या क्रमांकावर मोजली जातात. एकत्र बसवलेले वर्ग उद्या 'विलीन' समजून पद कापले जाईल, या भीतीने एकही मुख्याध्यापक पुढाकार घेणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. शासनाने दोन ओळींचा निर्णय काढावा : एकत्र तासिकांमुळे कोणत्याही शाळेचा पट किंवा मंजूर पद बदलणार नाही. हा उपाय पैशाशिवाय होण्यासारखा आहे. परिपाठ, शालेय पोषण आहाराची पंगत आणि ग्रंथालयाचा तास एकत्र करायला तर निर्णयाचीही गरज नाही.

पत्त्याच्या पुराव्याबद्दल. सगळ्यात गरीब माणूस मुंबईत भाडेकरू आहे, आणि अंतरावर आधारलेली कोणतीही योजना त्याच्याच घरापाशी अडखळते. निवासाचा पुरावा म्हणून भाडेकरार चालतो, पण नोंदणीकृत हवा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आणि महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये. खर्च परवडण्यासारखा आहे. अडते ते मालकापाशी. झोपडीच्या मालकाकडे स्वतःच्याच मालकीचा कागद धड नसतो, करार नोंदवला तर पुढे पुनर्वसनात हक्काचा वाद होईल अशी त्याला धास्ती असते, म्हणून तो अंगठा द्यायला तयार होत नाही. पर्याय सोपा आहे : मुलाची अंगणवाडीतली किंवा आरोग्य केंद्रातली किमान वर्षभराची नोंद, सेविकेच्या सहीने, निवासाचा पुरावा म्हणून धरा. लसीकरणाच्या नोंदी खोट्या पत्त्यावर वर्षभर चालवणे भाडेकरार बनवण्यापेक्षा कठीण आहे.

२५ टक्के प्रवेशांतल्या उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल थोडक्यात : वर्षाला १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये, आणि मुंबईत इमारतीच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षकही यापेक्षा जास्त कमावतो. सामाजिक प्रवर्गात न बसणारी कष्टकरी कुटुंबे या मर्यादेने एक तर बाहेर पडतात, नाही तर दाखला 'जमवतात'. म्हणून पालिका शाळांसाठी आम्ही पालकांचे शिक्षण हा निकष सुचवला. शिक्षण लपवता येते, पण दहावी नापास असल्याचे सोंग घेऊन नोकरीचे कागद बदलणारे पालक फारसे सापडणार नाहीत.

नकाशावरच्या खुणेत होणाऱ्या चुका तर टाळता येण्यासारख्या आहेत. सायबर कॅफेत अर्ज भरला की कॅफेचेच ठिकाण खूण म्हणून पडते. दाटीच्या गल्लीत मोबाइलचे स्थान शे-दीडशे मीटर इकडेतिकडे जाते. काही वेळा शाळेची स्वतःची खूणच संस्थेच्या कार्यालयावर असते, शाळेच्या फाटकावर नसते. सोडतीत नाव लागल्यावर पडताळणी समितीपुढे पत्ता जुळला नाही की प्रवेश रद्द, आणि तेव्हा इतर शाळा भरून गेलेल्या. क्रम असा हवा : शाळांची नोंदणी उघडण्याआधी प्रत्येक शाळेची खूण यूडायस क्रमांकासह फाटकावर तपासून गोठवावी, पालकांचे अर्ज संपल्यावर आणि सोडतीआधी सात दिवस खूण दुरुस्त करण्यासाठी खुले ठेवावेत, दुरुस्तीत जुनी आणि नवी दोन्ही ठिकाणे नोंदली जावीत, म्हणजे शाळेजवळ खूण 'सरकवणारे' लगेच कळतील. आणि अंतर पायी मोजावे. पालिकेकडे रस्ते, पादचारी पूल, भुयारी मार्ग यांचा नकाशा आहे. त्यावर फाटक ते घर हा सर्वात जवळचा पायवाटेचा मार्ग संगणक क्षणात काढतो. पहिल्या प्राधान्याची मर्यादा पायी १.५ किलोमीटर ठेवली तर सरळ रस्त्यांच्या भागात कोणाचे नुकसान होत नाही आणि रुळांनी तोडलेल्या भागात खोटी जवळीक उरत नाही. ज्या शाळांच्या वर्तुळात पात्र मुलेच नाहीत, तिथे मर्यादा टप्प्याटप्प्याने ३ आणि ५ किलोमीटरपर्यंत नेऊन प्रवासखर्चासह जागा भराव्यात. प्रवासखर्च न देता अंतर वाढवले तर जागा कागदोपत्री भरतात आणि दिवाळीपर्यंत पुन्हा रिकाम्या होतात. पालकांनी निवडलेल्या शाळांचा पसंतीक्रम सोडतीत नेमका कसा वापरला जातो, तेही पानभर सोप्या मराठीत प्रसिद्ध करावे.

वर्गात गरीब मुले आल्याने इतरांचे नुकसान होते, हा आक्षेप आपल्याकडे नेहमी येत असेल. दिल्लीच्या महागड्या खासगी शाळांवर गौतम राव यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत घरांतली मुले जास्त उदार आणि कमी भेदभाव करणारी निघाली; अभ्यासावरचे परिणाम किरकोळ होते, इंग्रजीत थोडी घसरण दिसली. ती घसरण आम्ही लपवत नाही. बालवर्गापासून इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांत पहिलीत अचानक आलेले मूल चाचपडणारच. म्हणून पहिलीच्या पहिल्या सहा महिन्यांत रोज एक तास भाषेचा जादा आधार हवा, तोही त्या मुलांना वेगळे न बसवता. वेगळा वर्ग किंवा वेगळी वेळ ठेवायला नियमांची मनाई आहे.

प्रतिपूर्तीची रक्कम, १७,६७० रुपये, आणि तिची थकबाकी यावर शाळांच्या संघटना पुरेसे बोलत आहेत. आम्ही एवढेच म्हणू की पैसे वेळेवर दिले नाहीत तर शाळा पुस्तके, गणवेश आणि सहलीत वसुली करते. त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट आठवीनंतरची. कायद्याचे छत्र आठवीला संपते. नववीत त्याच शाळेची पूर्ण फी भरायची किंवा शाळा बदलायची. आठ वर्षे एका बाकावर बसलेली मुले त्या जूनमध्ये वेगळी होतात. किमान दहावीपर्यंतची प्रतिपूर्ती राज्याने आपल्या तिजोरीतून करावी; कायदा तसे करायला अडवत नाही.

शेवटी जागांबद्दल. शाळा आहेत तिथे मुले नाहीत आणि मुले आहेत तिथे शाळा नाहीत, ही मुंबईची जुनी दुखापत आहे. गिरगाव, लालबाग, परळच्या मराठी शाळांच्या भक्कम इमारती ओस पडत चालल्या, कारण कुटुंबे मालवणी, दिंडोशी, मानखुर्द आणि पुढे नालासोपाऱ्याकडे गेली. पुनर्वसनाच्या इमारतींत बालवाडीची तरतूद असते, प्राथमिक शाळेचा प्रश्न मात्र विकास आराखड्यातल्या आरक्षणावर सोडलेला असतो आणि आरक्षण प्रत्यक्षात यायला वर्षे जातात. रुळांकडेच्या झोपड्यांतून वाशी नाका आणि लल्लूभाई कंपाउंडला हलवलेल्या कुटुंबांनी हेच भोगले : आधी माणसे आली, शाळा मागून. आता धारावीच्या पुनर्विकासासाठी मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन ठरली आहे. धारावीतच घर मिळायला अपात्र ठरलेल्या एकट्या कुटुंबांची तिथे वसाहत उभी राहिली, तर तिथली शाळा कितीही चांगली बांधली तरी ती एकाच थराची शाळा होईल. नव्या शाळेचा भूखंड वसाहतीच्या पोटात न ठेवता तिच्या आणि शेजारच्या जुन्या वस्तीच्या सीमेवर, दोन्हीकडून पायी १० मिनिटांत पोचता येईल असा ठेवावा, आणि फाटक दोन्ही बाजूंना असावे. पहिल्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला वापरण्याची परवानगी) देण्याआधी पहिलीचा वर्ग भरलेला असावा, ही अट आत्ताच्या करारांत घालता येईल. नंतर घालता येणार नाही.

यातले पहिले काम खर्चाचे नाही आणि पुढच्या फेरीच्या शाळा-नोंदणीआधी होऊ शकते : मुंबईच्या प्रत्येक प्रशासकीय विभागासाठी एक तक्ता प्रसिद्ध करावा. रकाने असे : यूडायस क्रमांक, शाळेचा प्रकार व माध्यम, पहिलीच्या तुकड्या, प्रत्येक तुकडीतली एकूण मुले, त्यांतली २५ टक्के प्रवेशातली मुले, पायी १.५ किलोमीटरमधून आलेली मुले, आणि वर्षअखेर टिकलेली मुले. ज्या चौकटीत पाचपेक्षा कमी मुले असतील ती चौकट झाकावी, म्हणजे कोणाही मुलाची ओळख उघड होणार नाही. निर्देशांक काढायचे काम नागरिक करतील.

आपले,
मुंबईतील प्रवेश-मदत केंद्रांवर काम करणारे शिक्षक, नगररचनाकार आणि पालक-कार्यकर्ते